अणुशास्त्रज्ञाच्या कामाचं माप

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : अमुक विद्यापीठाचे इतके प्राध्यापक ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’. कॉलेजच्या फाटकावर फलक लागतो, व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाची रीघ लागते आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. हे दोन टक्के ठरवले कुणी आणि कशावरून, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात हा प्रश्न आणखी एका वाटेनं येतो. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्द, तिथून पुढे अणुशक्तीनगर आणि ट्रॉम्बे, जिथं भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणजे बीएआरसी आहे. त्यामुळे नवी मुंबईच्या एखाद्या सोसायटीत ‘बीएआरसीतून रिटायर झालेले काका’ असणं नवलाचं नाही. काका काय करायचे, असं विचारलं की ‘न्यूक्लिअर फिजिक्स’ एवढंच उत्तर मिळतं. मग एखादा कॉलेजकुमार गूगल स्कॉलरवर त्यांचं नाव टाकतो. समजा, तिथं दिसलं : शोधनिबंध १४०, उल्लेख २,९००, एच-निर्देशांक २७. हे जास्त की कमी? काका मोठे शास्त्रज्ञ होते, की बेताचे?

या आकड्यांमागे काय असतं आणि त्यांच्या पकडीतून काय सुटतं, ते आता टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. अणुकेंद्राचा अभ्यास म्हणजे काय काम?

अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असतं. अणू मुळातच डोळ्यांना न दिसणारा, आणि केंद्र त्याच्याही तुलनेत दहा हजार पटींहून लहान. कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही. त्याच्याविषयी काही कळायचं, तर मुख्य मार्ग असा : एखादा कण वेगानं त्याच्यावर आदळवायचा, काय काय बाहेर पडतं ते टिपायचं आणि त्यावरून आत काय घडलं असेल याचं गणित मांडायचं.

कण वेगानं आदळवण्यासाठी त्वरक नावाचं यंत्र लागतं. मुंबईत असं मोठं यंत्र कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या म्हणजे टीआयएफआरच्या आवारात आहे. बीएआरसी आणि टीआयएफआर मिळून ते चालवतात. त्याचं नाव पेलेट्रॉन. १९८८ च्या अखेरीस ते सुरू झालं. त्याच्या मध्यभागी १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत विद्युतदाब निर्माण करता येतो. ऋण विद्युतभार असलेले कण या धन टोकाकडे खेचले जातात. तिथं पोचल्यावर एका अतिशय पातळ पडद्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात आणि ते धन भाराचे होतात. मग तेच टोक त्यांना दूर ढकलतं. एकाच दाबाचा असा दोनदा उपयोग होतो. २००७ मध्ये याला अतिवाहक धातूच्या पोकळ्यांचा पुढचा टप्पा जोडून पूर्ण झाला, त्यामुळे आणखी जड कणांनाही पुरेसा वेग देता येऊ लागला.

हे यंत्र एकट्याच्या मालकीचं नसतं. प्रयोगाचा प्रस्ताव द्यावा लागतो, तो मंजूर झाला की यंत्राचे ठरावीक दिवस मिळतात. त्या दिवसांत प्रयोग रात्रंदिवस चालतो, माणसं पाळ्या लावून बसतात. नंतर गोळा झालेल्या नोंदींचं विश्लेषण कित्येक महिने, कधी कधी वर्षं चालतं. म्हणून या क्षेत्रात प्रयोग करणाऱ्या माणसाचे वर्षाला मोजकेच निबंध निघतात आणि प्रत्येकावर अनेकांची नावं असतात. ही गोष्ट पुढे आकडे वाचताना उपयोगी पडेल.

आता कारकिर्दीचा आराखडा. बीएआरसीची प्रशिक्षण शाळा १९५७ मध्ये सुरू झाली. एम.एस्सी. किंवा बी.ई. झालेली मुलं तिथं वर्षभर शिकतात आणि ‘सायंटिफिक ऑफिसर’ म्हणून रुजू होतात. पुढे सी, डी, ई, एफ, जी, एच अशा अक्षरांच्या पायऱ्या. पीएच.डी. बहुतेक जण नोकरी सांभाळूनच करतात. पूर्वी ती मुंबई विद्यापीठाची असायची, २००५ पासून अणुऊर्जा विभागाची स्वतःची होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे. साठीला निवृत्ती. म्हणजे हातात पस्तीसेक वर्षं.

२. एका निबंधाची गोष्ट

या पस्तीस वर्षांतलं एखादं काम कसं दिसतं? एक खरं उदाहरण घेऊ.

भारतात युरेनियम बेताचं, पण थोरियम भरपूर. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते सापडतं. अडचण अशी की थोरियम थेट इंधन म्हणून चालत नाही. थोरियम-२३२ च्या केंद्रानं एक न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३३ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य २२ मिनिटं, म्हणजे दर २२ मिनिटांनी त्यातलं निम्मं बदलून जातं. ते बदलून प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं आणि याचं अर्धायुष्य २७ दिवस. त्यातून शेवटी युरेनियम-२३३ मिळतं, जे अणुभट्टीत चांगलं जळतं.

खोच या २७ दिवसांत आहे. भट्टीत न्यूट्रॉनांची वर्दळ चालूच असते. प्रोटॅक्टिनियमनं युरेनियम होण्याआधीच आणखी एक न्यूट्रॉन गिळला, तर हाताशी येणारं इंधन गेलं. म्हणून वेगवेगळ्या ऊर्जेच्या न्यूट्रॉननं प्रोटॅक्टिनियमचं काय होतं, त्याचे तुकडे होण्याची, म्हणजे विखंडनाची, शक्यता किती, हे थोरियमच्या भट्टीचा आराखडा करणाऱ्याला माहीत असावं लागतं.

पण मोजायचं कसं? प्रोटॅक्टिनियम-२३३ चा नमुना तयार करून त्याच्यावर न्यूट्रॉन सोडावेत, तर तो नमुना प्रचंड किरणोत्सारी, आणि महिना उलटायच्या आत निम्माही उरत नाही.

बीएआरसीच्या गटानं यावर आडवाट शोधली आणि २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू सी’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. कल्पना अशी : प्रोटॅक्टिनियम-२३३ नं न्यूट्रॉन गिळला की क्षणभर प्रोटॅक्टिनियम-२३४ चं तापलेलं केंद्र तयार होतं. तुकडे होतात ते या केंद्राचे. मग तेच केंद्र दुसऱ्या रस्त्यानं तयार केलं तर? पेलेट्रॉनमधून लिथियम-६ चे कण थोरियम-२३२ वर सोडले. बेरीज करून पाहा : ६ आणि २३२ मिळून २३८. त्यातून ४ वस्तुमानाचा अल्फा कण उडून गेला तर उरले २३४, म्हणजे हवं असलेलं प्रोटॅक्टिनियम-२३४. त्याऐवजी २ वस्तुमानाचा ड्यूटेरॉन उडाला तर उरले २३६, म्हणजे युरेनियम-२३६. हे केंद्र युरेनियम-२३५ नं न्यूट्रॉन गिळल्यावर तयार होतं, आणि त्या विखंडनाची मोजमापं दशकानुदशकं झालेली आहेत.

आता हिशेब सोपा होतो. समजण्यासाठी गोल आकडे धरू. अल्फा बाहेर पडला अशा १,००० घटनांत ४०० वेळा तुकडे झाले, आणि ड्यूटेरॉन बाहेर पडला अशा १,००० घटनांत ८०० वेळा. गुणोत्तर निम्मं. युरेनियम-२३५ चं ज्ञात मूल्य २ एकक असेल, तर प्रोटॅक्टिनियमचं साधारण १ एकक. प्रत्यक्षातलं गणित बरंच किचकट आहे, पण गाभा हाच. या पद्धतीनं ११.५ ते १६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांसाठीचं मूल्य मिळालं, तेही प्रोटॅक्टिनियमचा नमुना हातात न घेता.

हा झाला एक निबंध. गूगल स्कॉलरच्या यादीत तो एक ओळ असतो.

३. उल्लेख मोजायला कुणी सुरुवात केली?

शास्त्रज्ञ निबंध लिहितो तेव्हा आधीच्या ज्या कामावर तो उभा आहे, त्याची यादी शेवटी देतो. तुमचा निबंध दुसऱ्या कुणाच्या यादीत आला की तुमच्या खात्यावर एक उल्लेख जमा होतो.

या उल्लेखांची पद्धतशीर सूची करावी, ही कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात मांडली. त्यांच्यापुढे नमुना होता वकिलांचा. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे दाखवणारी सूची अमेरिकेतले वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. गारफील्ड यांनी तेच विज्ञानात आणलं आणि १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित निघू लागला.

मूळ हेतू शोधाशोध सोपी करण्याचा होता. एखादा निबंध आवडला, तर त्याच्यावर पुढे कुणी काय काम केलं हे लगेच सापडावं. माणसांना गुण द्यावेत, हा हेतू नव्हता. पण आकडा हाती आला की तो तुलनेसाठी वापरला जाणारच. आधी नियतकालिकांची तुलना सुरू झाली आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला. त्याचं गणित असं : एखाद्या नियतकालिकात २०२३ आणि २०२४ मिळून २०० निबंध आले, आणि २०२५ मध्ये त्यांचा एकूण ६४० वेळा उल्लेख झाला. ६४० भागिले २००, म्हणजे ३.२.

‘फिजिकल रिव्ह्यू सी’ हे अणुकेंद्राच्या भौतिकशास्त्रातलं जगातलं एक अग्रगण्य नियतकालिक. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर ३ च्या आसपास असतो. ‘नेचर’चा ५० च्या आसपास. म्हणून ‘फिजिकल रिव्ह्यू सी’ सोळापट हलकं ठरत नाही. अणुकेंद्रावर काम करणारी माणसं जगात थोडी, त्यांचे प्रयोग संथ, त्यामुळे एकमेकांचे उल्लेखही कमी. वैद्यकात लाखो माणसं लिहितात, तिथं उल्लेखांचा पूर येतो. दोन वेगळ्या क्षेत्रांतले आकडे शेजारी ठेवले की हिशेब तिथंच चुकतो.

४. एच-निर्देशांक : दोन शास्त्रज्ञ, दहा निबंध

आता माणसांकडे वळू. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एक सुटसुटीत माप सुचवलं. एखाद्याच्या निबंधांची उल्लेखांनुसार उतरती यादी करा. वरून खाली मोजत या. ज्या क्रमांकापर्यंत निबंधाचे उल्लेख त्या क्रमांकाइतके किंवा त्याहून जास्त आहेत, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच-निर्देशांक.

उदाहरणानं चटकन कळेल. पहिल्या शास्त्रज्ञाच्या पाच निबंधांचे उल्लेख : ४००, ६, ३, १, ०. दुसऱ्याच्या : १२, १०, ९, ७, ६.

पहिल्याचा पहिला निबंध ४०० वेळा, ठीक. दुसरा ६ वेळा, २ हून जास्त, ठीक. तिसरा ३ वेळा, जेमतेम ठीक. चौथा फक्त १ वेळा, इथं गाडी थांबली. निर्देशांक ३. दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या पाचव्या निबंधालाही ६ उल्लेख आहेत, त्यामुळे त्याचा निर्देशांक ५.

एकूण उल्लेख पाहिले तर पहिला ४१० आणि दुसरा ४४. निर्देशांकात मात्र दुसरा पुढे. हिर्श यांचा हेतूच तो होता : एखाद्याच गाजलेल्या निबंधामुळे माणूस फुगू नये आणि न वाचल्या जाणाऱ्या निबंधांचा ढीग रचूनही तो फुगू नये. सातत्याला गुण मिळावेत. पण आपल्या उदाहरणातल्या ४०० उल्लेखांच्या निबंधानं कदाचित आख्ख्या विषयाची दिशा बदलली असेल. निर्देशांकाला त्याचं सोयरसुतक नाही. तो निबंध ४ वेळा उल्लेखला गेला असता, तरी निर्देशांक ३ च राहिला असता.

हिर्श यांनी अंदाजे खुणाही दिल्या होत्या. भौतिकशास्त्रात वीस वर्षं काम केल्यावर निर्देशांक २० च्या आसपास असेल, तर ती यशस्वी कारकीर्द. अमेरिकेत पूर्ण प्राध्यापक होताना साधारण १८. त्यांनी त्या वेळी तपासलेल्या भौतिकशास्त्रज्ञांत सर्वांत वर होते एडवर्ड विटन, ११० वर. तेव्हा आपल्या कल्पनेतल्या काकांचे २७ हे चांगल्यापैकी काम मानायला हरकत नाही. पण त्याआधी त्यांच्या निबंधांवर आणखी कुणाकुणाची नावं आहेत, ते पाहायला हवं.

५. नावांची लांबलचक यादी

आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत आजोबांपासून चुलत चुलत्यांपर्यंत सगळे असतात. लग्नाचा खर्च कुणी उचलला, धावपळ कुणी केली आणि कोण फक्त मानाचं, हे पत्रिकेवरून कळत नाही. ते घरच्यांनाच ठाऊक. शोधनिबंधावरच्या नावांचंही बरंचसं तसंच आहे.

पेलेट्रॉनवरच्या प्रयोगात सहसा पाच ते पंधरा जण असतात. पहिलं नाव बहुधा ज्यानं विश्लेषणाचा मुख्य भार उचलला त्याचं, पुष्कळदा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं. शेवटचं नाव बऱ्याचदा गटातल्या ज्येष्ठाचं. इथपर्यंत अंदाज बांधता येतो.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत चित्र पार बदलतं. तिथल्या सीएमएस या प्रयोगात बीएआरसी आणि टीआयएफआर दोन्ही संस्था सहभागी आहेत, तर अॅलिस या प्रयोगात पवईच्या आयआयटीतले संशोधक आहेत. या प्रयोगांत हजारो माणसं काम करतात आणि नावं आडनावांच्या वर्णक्रमानं छापली जातात. २०१५ मध्ये अॅटलास आणि सीएमएस या दोन गटांनी हिग्ज कणाच्या वस्तुमानावर मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यावर ५,१५४ लेखकांची नावं होती. ३३ पानांच्या त्या निबंधात प्रत्यक्ष विज्ञान ९ पानांचं, उरलेली २४ पानं नावं आणि संस्थांच्या याद्यांची.

सीएमएसचे आजवर हजाराहून जास्त निबंध निघाले आहेत. त्या यादीत सुरुवातीपासून असलेल्या माणसाचा निर्देशांक शंभराच्या पुढे सहज जातो. ही फसवणूक नव्हे. शोधकयंत्राचा एक छोटा भाग वर्षानुवर्षं अचूक चालवणाऱ्यांवाचून त्या निबंधांतले शोध लागलेच नसते. पण या शंभराची तुलना कुलाब्याला सहा जणांत काम करणाऱ्याच्या २७ शी करता येत नाही.

भागाकार करून पाहा. ३,००० लेखकांच्या निबंधाला ६०० उल्लेख मिळाले, तर दरडोई ०.२. सहा लेखकांच्या निबंधाला ३० मिळाले, तर दरडोई ५. दरडोई हिशेबही न्याय्य असतोच असं नाही, पण चित्र किती उलटू शकतं ते यातून दिसतं.

‘दोन टक्के’वाली यादी करताना हा घोटाळा लक्षात घेतलेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या माहितीसंचातून ती काढतात. त्यात सहा गोष्टी एकत्र केल्या जातात : एकूण उल्लेख, एच-निर्देशांक, सहलेखकांच्या संख्येनुसार बेतलेला निर्देशांक, एकट्याच्या निबंधांचे उल्लेख, एकट्याच्या किंवा पहिल्या नावाच्या निबंधांचे उल्लेख, आणि त्यात शेवटच्या नावाचे निबंध मिळवून होणारे उल्लेख. शिवाय याद्या दोन असतात, एक आख्ख्या कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. बातमी वाचताना नाव कोणत्या यादीतलं आहे, हे आधी पाहावं. बातम्यांत ते बहुधा सांगितलेलं नसतं.

६. मापातून सुटणारं काम

आता उरतं ते असं काम, ज्याला उल्लेख मिळतच नाहीत किंवा मिळायचे थांबतात. अणुकेंद्राच्या अभ्यासात हे काम बरंच मोठं आहे.

पहिला प्रकार मोजमापांचा. प्रोटॅक्टिनियमसारखी मोजमापं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखालच्या ‘एक्सफोर’ या जागतिक संचात नोंदली जातात. त्यात वीस हजारांहून जास्त प्रयोगांची माहिती आहे आणि भारतातल्या प्रयोगांच्या नोंदी करणारं केंद्र मुंबईत आहे. एक्सफोरमध्ये मूळ निबंधाचा पत्ता असतो. पण पुढे तज्ज्ञ ही सगळी मोजमापं चाळून, तोलून एकच शिफारस केलेलं मूल्य ठरवतात आणि ते अमेरिकेच्या ‘एन्डएफ’ किंवा जपानच्या ‘जेंडल’ यांसारख्या संग्रहांत जातं. अणुभट्टीचा आराखडा करणारा अभियंता तो संग्रह संगणकात घालतो आणि संग्रहाचाच उल्लेख करतो. मूळ मोजणाऱ्याचं नाव दोन पायऱ्या मागेच राहिलेलं असतं.

दुसरा प्रकार, जे काम छापायचंच नसतं त्याचा. भट्टीच्या सुरक्षिततेची गणितं, इंधनाच्या तपासण्या, सामरिक महत्त्वाचं संशोधन हे सगळं अंतर्गत अहवालांत राहतं. असं काम करणाऱ्याचं गूगल स्कॉलरवरचं पान जवळपास कोरं असू शकतं.

तिसरा प्रकार कोपरखैरण्याच्या अगदी हाकेच्या अंतरावर आहे. वाशीला ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था आहे. रुग्णालयांना लागणारी किरणोत्सारी औषधं तिथं तयार होतात. मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करून त्यातले जिवाणू आणि बुरशी मारणारा प्रकल्पही तिथं २००० सालापासून चालतो. त्यासाठी कोबाल्ट-६० लागतं. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, त्यातून निघणाऱ्या दोन गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हे आकडे कुणीतरी कधीतरी प्रयोगशाळेत बसून काढले, त्यावर वाद घातले, पुन्हा मोजले. आज ते तक्त्यात छापलेले असतात. मिरीची पोती किती वेळ किरणांपुढे ठेवायची, हे ठरवणारा माणूस कुठल्याही निबंधाचा उल्लेख करत नाही. त्याला त्याची गरजही नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट फार पूर्वी हेरली होती. एखादं काम इतकं सर्वमान्य होतं की लोक मूळ निबंधाचा उल्लेख करायचंच सोडून देतात. उल्लेखांची घट हेच अशा वेळी यशाचं लक्षण असतं.

७. दोन मुंबईकर : भाभा आणि उदगावकर

हे सुटणं दोन मोठ्या माणसांच्या बाबतीत पाहू. होमी भाभांचा जन्म १९०९ चा, मुंबईचा. केंब्रिजमध्ये असताना त्यांनी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं गणित मांडलं. तो निबंध १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या कणवर्षावाचा सिद्धान्त मांडला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्या १९३६ च्या गणिताला आज ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. सर्नच्या २७ किलोमीटर घेराच्या लेप या यंत्रात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी घडवल्या जात होत्या. किती टकरी होताहेत हे मोजायची पद्धत होती लहान कोनातलं भाभा स्कॅटरिंग मोजणं, कारण त्याचं गणित सर्वांत खात्रीचं. अशा प्रकारच्या यंत्रांत ही पद्धत अजूनही वापरली जाते. लोक ‘भाभा’ हे नाव लिहितात, १९३६ च्या निबंधाचा उल्लेख मात्र दरवेळी करतातच असं नाही. माहितीसंचाला नाव मोजता येत नाही, उल्लेख मोजता येतो.

१९४५ मध्ये भाभांनी टीआयएफआर उभारली, १९५४ मध्ये ट्रॉम्बेची संस्था, म्हणजे आजची बीएआरसी, सुरू झाली, ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही भट्टी चालू झाली. या काळात त्यांचं स्वतःचं निबंधलेखन विरळ होत गेलं. नुसता आलेख काढला, तर १९५० च्या दशकातले भाभा ‘थंडावलेले’ दिसतील. आणि नेमक्या त्याच वर्षांत पुढच्या हजारो निबंधांची जागा तयार होत होती.

दुसरं नाव भालचंद्र माधव उदगावकर यांचं. जन्म १९२७, निधन २०१४. टीआयएफआरमधले सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ. १९६२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मरे गेल-मान यांच्याबरोबर त्यांचा निबंध आला. अतिशय उच्च ऊर्जेला अणुकेंद्रांवरच्या टकरींची शक्यता कशी बदलेल, याचं भाकीत त्यात होतं. गेल-मान यांना पुढे १९६९ चं नोबेल मिळालं.

या वाटेनं जात राहिले असते, तर उदगावकरांचा आलेख चढत गेला असता. त्यांनी बराच वेळ दुसरीकडे दिला. शाळेतलं विज्ञान नीट शिकवलं जावं म्हणून ते झटले. टीआयएफआरच्या छत्राखाली १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं, त्यामागच्या मंडळींत ते होते. हे केंद्र आज मानखुर्दला आहे, वाशीचा पूल उतरल्यावर थोडं पुढे. मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. महाराष्ट्रातल्या किती शिक्षकांचे तास त्यांच्यामुळे बदलले, हे सांगणारा निर्देशांक कुणी काढलेला नाही.

८. मग आकडे वाचायचे कसे?

आकडे टाकून द्यावेत, असं याचं सार नाही. आकडे नव्हते तेव्हा निवड समित्या ओळखीपाळखीवर चालायच्या, आणि त्यातून होणारा अन्यायही लहान नव्हता. लहान गावातल्या कॉलेजात बसून चांगलं काम करणाऱ्याला उल्लेखांचा आकडा आधार देऊ शकतो. मात्र नेमणुका आणि बढत्या आकड्यांवर टांगल्या की लोक आकडे वाढवायला शिकतात. स्वतःचेच उल्लेख करणं, एकमेकांचे उल्लेख करायचा अलिखित करार, एका निबंधाचे तीन तुकडे, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं, हे सगळं त्यातूनच वाढलं.

तेव्हा एखाद्या शास्त्रज्ञाचा आकडा समोर आला, की चार प्रश्न विचारावेत. एक : क्षेत्र कोणतं आणि त्यात माणसं किती? दोन : निबंधावर नावं किती, आणि यांचा वाटा कोणता? तीन : ते काम पुढे कुठे गेलं, तक्त्यात, यंत्रात, भट्टीत की रुग्णालयात? चार : यांच्या हाताखाली कोण तयार झालं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी इंटरनेटवर मिळतात. तिसऱ्यासाठी त्या विषयातल्या माणसाला विचारावं लागतं आणि चौथ्यासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांना.

खुद्द हिर्श यांनीच २०२० मध्ये लिहून टाकलं, की आपला निर्देशांक पार फसू शकतो आणि त्याचे अनपेक्षित, गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. माप बनवणाऱ्यानंच इतकं सांगितल्यावर आपण ते डोळे झाकून वापरायचं कारण नाही.

शेवटी एक विनंती. भौतिकशास्त्राचे पुष्कळ नवे निबंध १९९१ पासून चालू असलेल्या ‘अर्काइव्ह’ या संग्रहात फुकट वाचायला मिळतात, आणि अणुकेंद्राच्या विषयाचा त्यात वेगळा विभाग आहे. यापुढे कुणाच्या दोन टक्क्यांची किंवा निर्देशांकाची बातमी वाचलीत, तर त्यांचा एक तरी निबंध उघडा आणि निदान सारांशाच्या दहा ओळी वाचा. सगळं कळणार नाही. पण त्यांनी कोणता प्रश्न विचारला होता हे कळेल, आणि शास्त्रज्ञाची पारख तिथूनच सुरू होते.